‘सर्वे से बोल रहे हैं’: निवडणुकीच्या तोंडावर येणाऱ्या या फोनचं करायचं काय?

तक्रार जुनीच आहे. विधानसभा असो, लोकसभा असो की महापालिका, तारखा जवळ आल्या की फोन सुरू. जेवणं आटोपून जरा पाठ टेकावी, तेवढ्यात, "नमस्कार, सर्वे से बोल रहे हैं, बस दो मिनट." कधी माणूस बोलतो, कधी नुसतं रेकॉर्डिंग: एक दबाएँ, दो दबाएँ. उत्तर दिलं तर चार दिवसांनी कुठल्यातरी कार्यकर्त्याचा नावानिशी फोन येतो. नाही दिलं तर तोच आवाज दुसऱ्या नंबरवरून. पुढे टीव्हीवर कौल झळकला की घरोघरी एकच वाक्य: "आपल्याला कोणी विचारलं? सगळं घरी बसून लिहितात."

मी काही वर्षं सर्वेक्षणाची कोष्टकं लावायचं काम केलंय. त्यामुळे आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात असला फोन आला की शेजारपाजारचे मलाच विचारतात, "ताई, हे खरं असतं का हो?" खरं की खोटं असा हा प्रश्न नाही. ‘सर्वे’ या एकाच नावाखाली चार वेगळ्या कामांचे फोन येतात. सगळ्यांना शिव्या घालणं किंवा सगळ्यांना भाबडेपणाने उत्तर देणं, दोन्ही उपाय म्हणूनच फसतात.

आधी ओळखा, फोन कशाचा आहे

पहिला प्रकार खऱ्या सर्वेक्षणाचा. हा माणूस आधी संस्थेचं नाव सांगतो, किती वेळ लागेल ते सांगतो आणि तुमचं वय, शिक्षण, कामधंदा विचारतो. वय-शिक्षण विचारलं की आपल्याकडे लोक बिथरतात, पण खरी खूण तीच आहे. फोन कोणी उचलला आणि कोणी नाही याचा तोल नंतर त्याच माहितीवरून सावरायचा असतो. काही वेळा तर तो तुम्हाला सोडून घरातल्या दुसऱ्याच कुणाला मागतो: "ज्यांचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला त्यांना देता का फोन?" हे ऐकून आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी "मुलीचं स्थळ बघताय की काय!" म्हणून फोन आपटला होता. तशी ती पद्धत रीतसर आहे. फोन नेहमी घरातला तोच माणूस उचलतो, आणि सगळ्या घरांतून त्याच माणसाचं मत गोळा झालं तर निकाल वाकडा येतो. म्हणून वाढदिवसाची युक्ती.

दुसरा प्रकार प्रश्नाच्या वेशातल्या प्रचाराचा. याला तुमचं उत्तर नकोच असतं, त्याला तुमच्या कानात काहीतरी घालायचं असतं. कॉल अर्ध्या-पाऊण मिनिटाचा, वय-शिक्षण काही नाही, आणि प्रश्नात एखाद्या उमेदवारावरचा आरोप. "अमुक उमेदवारावर जमिनीच्या घोटाळ्याचा खटला आहे हे कळल्यावरही आप उन्हें वोट देंगे?" खटला आहे की नाही हे तपासायला तुम्ही जात नाही. शब्द मात्र डोक्यात राहतो. अमेरिकेत याला पुश पोल म्हणतात. २००० साली दक्षिण कॅरोलिनाच्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या वेळी, राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक जॉन मॅक्केन यांच्या घरच्या गोष्टींबद्दल असले विखारी प्रश्न मतदारांना फोनवरून विचारल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. ते ती प्रायमरी हरले.

तिसरा यादी करणारा. याला नाव, वॉर्ड, घरात मतदार किती आणि कल कोणाकडे एवढंच हवं असतं. चार दिवसांनी येणारा तो नावानिशी फोन इथूनच निघतो. याच जातीतले काही फोन पुढे जाऊन म्हणतात, "अमुक योजनेचा लाभ हवा असेल तर मिस्ड कॉल द्या, नोंदणी होईल." निवडणूक आयोगाने २ मे २०२४ रोजी सर्व पक्षांना लेखी बजावलं होतं की सर्वेक्षणाच्या नावाखाली भावी योजनांसाठी मतदारांची अशी नोंदणी करणं ताबडतोब थांबवा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(१) प्रमाणे ते लाचखोरीचं भ्रष्ट आचरण ठरू शकतं. म्हणजे ‘सर्वे’च्या आडून काय चालतं हे आयोगालाही ठाऊक आहे.

चौथा सरळ ठग. त्याच्याबद्दल पुढे.

फोनवर असतानाच करायची तपासणी

समोरचा हिंदीत बोलत असतो, तेव्हा हिंदीतच विचारा: किस संस्था से बोल रहे हैं? मेरा नंबर कहाँ से मिला? और मुझे पक्का करना हो तो किस नंबर पर फोन करूँ? बस.

खरा सर्वेवाला हे ऐकून चिडत नाही. पैसे कोण देतंय हे तो सुरुवातीला कदाचित सांगणार नाही. त्यात लबाडी असतेच असं नाही, कारण अमुक पक्षाने काम दिलंय असं आधी कळलं तर उत्तरं त्या बाजूला किंवा मुद्दाम विरुद्ध बाजूला झुकतात. पण संस्थेचं नाव आणि पडताळणीचा नंबर त्याच्याकडे असायलाच हवा. "मॅडम, वो सब ऊपर से आता है" असं उत्तर आलं की फोन ठेवायला हरकत नाही. रेकॉर्डिंगला तर प्रश्न विचारताच येत नाही. सुरुवातीला संस्थेचं नाव नसेल तर पुढचं ऐकूच नका.

आता एक अफवा बाजूला काढते. "नऊ दाबलं की खातं रिकामं होतं" हा मेसेज दर निवडणुकीला फिरतो. कॉल चालू असताना बटण दाबलं की पलीकडे फक्त एक टोन जातो. त्याने बँकेतून पैसे निघत नाहीत. तोटा एवढाच की नंबर चालू आहे आणि इथला माणूस बटणं दाबतो, ही नोंद होते आणि फोन वाढतात. खरा धोका पुढच्या पायरीला आहे: ओटीपी मागणं, लिंक पाठवणं, ‘सर्वे ॲप’ म्हणून काही डाउनलोड करायला लावणं, किंवा ‘स्टार ४०१’ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगणं. या शेवटच्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात. टेलिकॉम विभागाने त्याबद्दल सावध केलेलं आहे. मतदानाच्या कौलाला तुमचा आधार क्रमांक, ओटीपी किंवा बँकेचं नाव कधीही लागत नाही. यांतलं एकही मागितलं तर तो चौथ्या प्रकारातला.

प्रश्न खोटा कुठे असतो

इथे जरा थांबते, कारण लोकांचा विश्वास उडतो तो इथेच. आणि बऱ्याचदा का उडाला हे सांगता येत नाही, नुसतं "काहीतरी गडबड आहे" एवढं जाणवतं. नेहमीचा एक साचा घेऊ:

"पिछले पाँच साल में हुए विकास को देखते हुए क्या आप मौजूदा विधायक को एक और मौका देना चाहेंगे? हाँ के लिए एक दबाएँ, सोचकर बताऊँगा के लिए दो."

विकास झाला की नाही हे विचारलंच नाही, झालाच असं गृहीत धरून पुढे गेले. ‘नाही’ला बटणच नाही. आणि समोर दुसरं कोण उभं आहे हे न सांगता ‘आणखी एक संधी’ विचारली. रिकाम्या मैदानात कोणीही पहिला येतो. आता उलट्या बाजूचा साचा: "महँगाई और बेरोज़गारी से परेशान जनता इस बार बदलाव चाहती है. क्या आप भी बदलाव के साथ हैं?" इथे जनतेचं मत आधीच ठरवून टाकलं आणि तुम्हाला फक्त गर्दीत यायचं आमंत्रण दिलं. दोन्ही बाजू एकाच शाळेत शिकलेल्या.

‘तुम्हाला मान्य आहे का’ एवढे साधे शब्दसुद्धा माणसाला ‘हो’कडे ढकलतात. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतात सरकारने सुचवलेला प्रश्न होता, स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा हे तुम्हाला मान्य आहे का? तिथल्या निवडणूक आयोगाने ‘मान्य आहे का’ काढायला लावलं आणि प्रश्न उरला, स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का? अमेरिकेत डोनाल्ड रग या अभ्यासकाने १९४१ मध्ये याहून मजेदार गोष्ट दाखवली. लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का, असं विचारल्यावर ६२ टक्के लोक नाही म्हणाले. त्याच भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारल्यावर मात्र हो म्हणणारे ४६ टक्केच. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यात व्यवहारात फरक काय? पण ‘बंदी’ म्हणायला जीभ अडखळते.

इंदूरचंच उदाहरण हवं तर बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव ठेवलेला रस्ता, घ्या. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटरचा तो कॉरिडॉर. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो काढायला घेतला, त्याआधी कितीतरी वर्षं त्यावर गल्लोगल्ली वाद झाले. समजा तेव्हा प्रश्न असा विचारला असता: "एबी रोडवरची रोजची वाहतूक कोंडी सुटावी म्हणून बीआरटीएस काढावा का?" पलासियाच्या सिग्नलला तासन्‌तास अडकलेला माणूस हो म्हणणारच. आणि असा विचारला असता: "रोज बसने कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींचा वेगळा, सुरक्षित रस्ता काढून घ्यावा का?" तोच माणूस, घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर, नाही म्हणेल. दोघांचीही छापील टक्केवारी ‘इंदूरकरांचं मत’ म्हणून मिरवली असती. सरळ प्रश्न रुक्ष असतो: "बीआरटीएस कॉरिडॉर ठेवावा, काढावा, की त्यात बदल करावा? की याबद्दल तुमचं काही मत नाही?" त्याची बातमी करणं अवघड जातं, पण उत्तराला अर्थ असतो.

म्हणून घरच्या घरी करायची चाचणी: प्रश्न ऐकला की तो मनात उलटा करून पाहा. मौजूदा विधायकाला ‘संधी द्यावी का’ ऐवजी ‘बदलावं का’. उलट्या प्रश्नालाही तुमचं तेच मत निघत असेल तर प्रश्न बरा. मत डळमळायला लागलं तर प्रश्नात माल भरलेला आहे.

पर्यायही मोजा. २०२४ च्या लोकसभेला इथे काय झालं ते इंदूरकर विसरलेले नाहीत. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या फरकाने निवडून आले. पण दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता, नोटा होता: २,१८,६७४ मतं. त्या दिवसांत एखाद्या फोनने फक्त पक्षांची नावं वाचून बटण दाबायला लावलं असतं, तर शहरातला दुसऱ्या क्रमांकाचा कौल मोजायला खानाच उरला नसता. ज्या यादीत नोटा नाही, ‘ठरलं नाही’ नाही, ‘सांगायचं नाही’ नाही, ती यादी अपुरी समजा.

क्रमाचीही गंमत असते. आधी महिलांना पैसे देणाऱ्या सरकारी योजनेबद्दल "लाडली बहना के पैसे समय पर आते हैं?" आणि लगेच "वोट किसे देंगे?" असं विचारलं तर उत्तर एक. आधी विजेचं बिल आणि भरती परीक्षांबद्दल विचारून मग मत विचारलं तर दुसरं. एकेक प्रश्न सुटा पाहिला तर निर्दोष. नीट काम करणारी संस्था मताचा प्रश्न आधी उरकते, बाकीचं नंतर.

यात आपला म्हणून एक दोष आहे, तो मान्य करू. आपल्या आजी-आजोबांना फोनवर कोणी गोड बोललं की सगळ्याला "हाँ हाँ, सब अच्छा है". पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं ना! त्यात इंदूर २०१७ पासून देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिलं आलेलं शहर. त्या सर्वेक्षणात नागरिकांच्या अभिप्रायालाही गुण असतात, त्यामुळे शहराची अब्रू राखणारं उत्तर द्यायची सवय इथे घराघरात मुरली आहे. स्वच्छतेच्या बाबतीत ती शोभतेही. पण तीच सवय लावून राजकीय फोनला "सगळं उत्तम" सांगितलं, तर पुढे "कौल खोटा होता" म्हणायला आपल्याला तोंड उरत नाही.

टीव्हीवरचा आकडा वाचताना

प्रेस कौन्सिलच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की वृत्तपत्राने कौल छापताना तो कोणी केला, कोणी करवून घेतला, नमुना किती आणि कसा निवडला आणि चुकीची शक्यता किती, हे ठळकपणे द्यावं. बातमीत हे सापडतं का पाहा. नसेल तर पान उलटा, चहा घ्या.

असेल तर थोडा हिशेब करा. हजार माणसांचा नीट निवडलेला नमुना साधारण तीन टक्के वर-खाली अंदाज देतो. राज्यभराच्या मतांच्या टक्केवारीला ते चालून जातं. पण मध्य प्रदेशात जागा २३०. हजार भागिले २३० केलं तर एका मतदारसंघाला चार माणसं. त्यावरून इंदूर-४ किंवा राऊचा निकाल सांगणारा माणूस पोपटवाल्या ज्योतिषापेक्षा फारसा पुढे नाही. २०१८ ची विधानसभा आठवा: भाजपला ४१.०२ टक्के मतं, काँग्रेसला ४०.८९. मतं भाजपची जास्त, पण जागा काँग्रेसच्या ११४ आणि भाजपच्या १०९. फोनवरचा कोणताही कौल, कितीही प्रामाणिक असो, एवढा बारीक फरक पकडूच शकत नव्हता.

आणि तो ‘तीन टक्के’ फक्त निवडीतल्या योगायोगाचा. फोन न उचलणाऱ्यांचा त्यात हिशेब नाही. अमेरिकेतल्या प्यू या जनमत पाहणाऱ्या संस्थेने आपले आकडे उघड केले आहेत: १९९७ मध्ये त्यांच्या फोनला ३६ टक्के लोक उत्तर देत, २०१८ मध्ये ६ टक्के. शंभरातले चौऱ्याण्णव गेले. उरलेले सहा बाकीच्यांसारखेच असतील तर ठीक, नसतील तर नमुना लाखाचा केला तरी चूक तिथेच राहते. अमेरिकेच्या १९३६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या मासिकाने टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि मोटारमालकांच्या याद्यांवरून सुमारे एक कोटी पत्रं पाठवली, वीस लाखांहून जास्त उत्तरं गोळा केली आणि लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले.

आपल्याकडचे मोठे अपयश बहुतेक एक्झिट पोलचे, म्हणजे मत देऊन आलेल्यांना विचारून काढलेल्या अंदाजांचे आहेत, फोनचे नव्हेत, एवढा फरक लक्षात ठेवा. २०२३ मध्ये छत्तीसगडला बहुतेकांनी काँग्रेसला पुढे धरलं आणि भाजपने ९० पैकी ५४ जागा घेतल्या. २०२४ च्या लोकसभेला एनडीएला साडेतीनशेच्या वर नेऊन बसवलं, आल्या २९३. चूक आणि लबाडी या वेगळ्या गोष्टी आहेत, पण लोकांच्या मनात त्या एकाच खात्यावर जमा होतात, आणि त्याचा दोष लोकांना देता येत नाही. खरं मत सांगायची लोकांना भीतीही वाटते, पण तो प्रश्न सोडवता येतो हे सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या लोकनीती उपक्रमाने दाखवलंय. त्यांची माणसं मतदारयादीतून नावं निवडून घरी जातात आणि मताचा प्रश्न तोंडाने विचारण्याऐवजी नमुना मतपत्रिका हातात देतात. खूण करा, घडी घाला, पेटीत टाका. शेजारी सासू बसलेली असली तरी सून आपलं मत आपल्यापाशी ठेवून देऊ शकते. फोनवर ही सोय नाही. स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर असेल तर खरं मत कोण सांगणार?

फोन थांबवायचे कसे, तक्रार कुठे

डीएनडी, म्हणजे नको असलेले कॉल अडवणारी नोंदणी, लावून ठेवा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. ती व्यवस्था व्यापारी कॉलसाठी आहे, राजकीय कौल त्यात बसेलच असं नाही. मात्र ‘सर्वे’ म्हणून सुरू झालेला कॉल प्लॉट, विमा किंवा कर्जावर आला तर १९०९ वर तक्रार करा. फेब्रुवारी २०२५ पासून त्यासाठी सात दिवसांची मुदत मिळते, आधी तीनच होती. ठगीचा संशय असेल पण पैसे गेले नसतील तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षु’वर कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३०.

निवडणूक जाहीर झाल्यानंतर योजनेचं आमिष दाखवणारा किंवा उमेदवाराची बदनामी करणारा फोन आला तर १९५० वर मतदार हेल्पलाइन आहे. रेकॉर्डेड प्रचार-कॉल आणि बल्क एसएमएस यांना माध्यम प्रमाणन समितीची आधी मंजुरी लागते, आणि मतदान संपण्याआधीच्या शेवटच्या ४८ तासांत बल्क एसएमएस पाठवता येत नाहीत. त्याच ४८ तासांत टीव्हीवर कौल दाखवायलाही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ खाली मनाई आहे. एक्झिट पोलसाठी १२६-अ वेगळं आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तक्रार करताना नुसतं "फार फोन येतात" लिहून भागत नाही. नंबर, तारीख, वेळ आणि प्रश्नाचे जसेच्या तसे शब्द, हिंदीत असतील तर हिंदीतच. शब्द महत्त्वाचे, कारण प्रचार की सर्वे हे त्यावरूनच ठरतं. कॉल रेकॉर्ड करता आला तर उत्तम, नाहीतर फोन ठेवल्याबरोबर कागदावर उतरवून घ्या. संध्याकाळपर्यंत प्रश्न आठवत नाही, नुसता राग आठवतो.

कुठला फोन घ्यायचा हे मला विचाराल तर पहिल्या प्रकारचा, वेळ असेल तर, जरूर घ्या आणि मनातलं आहे तेच सांगा. मत सांगायचं नसेल तर "नहीं बताना" हे पूर्ण उत्तर आहे, त्याचा वेगळा रकाना असतो आणि तो मोजला जातो. गंमत म्हणून उलटं सांगू नका. कोष्टकात ते गंमत म्हणून येत नाही.